भाडे मागण्यापुरते कष्ट : ‘मोनोपॉली’ या खेळाचे परीक्षण

‘मोनोपॉली’ हा पटावरचा खेळ बहुतेकांनी कधी ना कधी खेळलेला असतो आणि बहुतेकांनी तो कधी ना कधी अर्धवट सोडलेला असतो. कोणीतरी रुसून उठतो, कोणाला झोप येते, किंवा जिंकणार कोण हे तासभर आधीच ठरून गेल्यामुळे बाकीच्यांना फासे टाकण्यात काही अर्थ वाटेनासा होतो. मीही त्यांतलाच होतो. या वर्षी मात्र मी मूळ नियमांचा संच पुन्हा विकत आणला आणि ताई, भाऊजी व त्यांचा अकरा वर्षांचा मुलगा यांच्याबरोबर दोन महिन्यांत नऊ डाव शेवटपर्यंत खेळलो, तेही एक डाव सोडला तर नियमपुस्तिका हाताशी ठेवून आणि ‘आम्ही असेच खेळतो’ ही सबब कोणालाही न देता. कष्टांवाचून मिळणारी संपत्ती कशी साठत जाते आणि ती साठू लागली की माणसाचे काय होते, हे हा खेळ ज्या उघडेपणाने दाखवतो त्या उघडेपणाने दाखवणारी दुसरी कोणतीही वस्तू माझ्या पाहण्यात नाही. त्यामुळे हे परीक्षण करमणुकीच्या अंगाने थोडे आणि या अंगाने बरेच झाले आहे.

ज्यांना खेळ आठवत नसेल त्यांच्यासाठी मांडणी सांगतो. पटाच्या कडेने ४० चौकोन आहेत. त्यांतले २८ विकत घेता येतात: २२ रस्ते, ४ रेल्वे आणि वीज व पाणी यांच्या २ कंपन्या. प्रत्येक खेळाडूला सुरुवातीला १५०० मिळतात आणि ‘गो’ हा चौकोन ओलांडला की दर फेरीला २०० पगार मिळतो. हा पगार कशाबद्दल, हे कोठेही सांगितलेले नाही; पटाला एक वेढा घातला, एवढीच त्यामागची कामगिरी. बाकी सगळे उत्पन्न भाड्याचे. दुसऱ्याची सोंगटी आपल्या चौकोनावर येऊन थांबली की तिने पैसे मोजायचे, आणि ती तेथे थांबते ती स्वतःच्या इच्छेने नव्हे, तर फाशांच्या. ग्राहकाला नकार देण्याची सोय नाही, घासाघीस नाही, दुसरे दुकान नाही. ‘मोनोपॉली’ या शब्दाचा अर्थच मक्तेदारी असल्यामुळे यात फसवणूक काही नाही. पेटीवर जे लिहिले आहे तेच आत आहे.

आता खेळातल्या आकड्यांकडे पाहू. पटावरची सर्वांत स्वस्त जागा मेडिटरेनियन ॲव्हेन्यू ६० ला मिळते आणि रिकामी असताना तिचे भाडे २ आहे. म्हणजे किंमत वसूल व्हायला तीस पाहुणे यावे लागतात. सर्वांत महाग बोर्डवॉक ४०० ला मिळते आणि तिचे रिकामे भाडे ५० आहे. तेथे आठ पाहुण्यांत मुद्दल सुटते. गरिबाने जपून घेतलेल्या जागेवर शेकडा साडेतीनही सुटत नाहीत आणि ज्याच्यापाशी आधीच चारशे होते त्याला शेकडा साडेबारा सुटतात, हे कोष्टक मालमत्तेच्या पत्रांवर लहान अक्षरांत छापलेले असते, आणि मी ते लहानपणी शेकडो वेळा हाताळूनही कधी वाचले नव्हते. बोर्डवॉकवर हॉटेल बांधले की भाडे २००० होते. पगाराच्या हिशेबाने पाहिले तर ही दहा फेऱ्यांची कमाई झाली, आणि ती एका पावलात जाते.

याहून बोलका नियम म्हणजे दुपटीचा. एका रंगाच्या सगळ्या जागा एकाच मालकाकडे आल्या की त्या रिकाम्या असल्या तरी भाडे दुप्पट होते. त्या जागेवर एक वीट चढलेली नाही, तेथे थांबणाऱ्याला काल मिळत होते त्यापेक्षा आज काहीही जास्त मिळत नाही, मालकाने एक पैसाही नव्याने गुंतवलेला नाही; फक्त शेजारची जागाही त्याचीच झाली आहे. ‘न कमावलेली संपत्ती’ या शब्दांची याहून स्वच्छ व्याख्या मला देता येणार नाही. त्याउलट घर बांधल्यावर वाढणारे भाडे ही वेगळी गोष्ट आहे. तेथे मालकाने पैसा घातला आहे, तो अडकवून ठेवला आहे, बुडण्याचा धोका घेतला आहे, आणि त्याबद्दल त्याने मोबदला मागितला तर त्याला सरसकट हावरा म्हणणे अन्यायाचे होईल. जागेचे भाडे आणि बांधकामाचे भाडे यांत नीतीच्या दृष्टीने मोठे अंतर आहे, आणि खेळ मात्र दोन्ही एकाच पत्रावर, एकाच स्तंभात, एकाखाली एक छापतो. माझा खेळाच्या रचनेवरचा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, आणि गंमत अशी की हा आक्षेप खेळाच्या मूळ निर्मातीचाही असता. तिच्याकडे येतोच.

त्याआधी भाड्याचे दोन नियम. पहिला: भाडे आपोआप मिळत नाही, ते मागावे लागते. पुढच्या खेळाडूचे फासे पडण्यापूर्वी मालकाने मागणी केली नाही तर ते बुडाले. सगळ्या डावात मालकाला करावे लागणारे काम ते काय एवढेच, तोंड उघडून मागणे. दुसरा: मालक तुरुंगात असला तरी त्याचे भाडे चालू राहते. आमच्या दुसऱ्या डावात भाऊजी तीन पाळ्या तुरुंगात बसून होते आणि बाहेर असलेले आम्ही तिघे त्यांना पैसे नेऊन देत होतो. डावाच्या त्या टप्प्यावर बाहेर येण्याची त्यांना घाई तर नव्हतीच, उलट आत राहिल्याने आमच्या जागांवर पाऊल पडत नव्हते. अर्थशास्त्रज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी १८४८ मध्ये जमीनमालकांविषयी लिहिले होते की काम न करता, धोका न पत्करता आणि काटकसर न करता ते जणू झोपेतच अधिकाधिक श्रीमंत होत जातात. ते त्यांनी दोष म्हणून लिहिले होते. ‘झोपेतही कमाई’ ही आज जाहिरातीची ओळ झाली आहे आणि ती ऐकताना कोणालाही संकोच वाटत नाही, एवढा फरक मधल्या काळात पडला.

आता निर्मातीकडे. एलिझाबेथ मॅगी ही अमेरिकेत लघुलेखनिकाचे काम करणारी स्त्री. हेन्री जॉर्ज या विचारवंताच्या मतांचा तिच्यावर प्रभाव होता. जॉर्ज यांचे म्हणणे थोडक्यात असे: माणूस श्रमाने जे निर्माण करतो ते त्याचे, पण जमीन कोणी निर्माण केलेली नाही, आणि तिचे मोल वाढते ते भोवती वस्ती, रस्ते आणि बाजार वाढल्यामुळे, म्हणजे सगळ्यांच्या हातून, तेव्हा जमिनीच्या त्या मोलावर कर लावून ते समाजाकडे परत न्यावे आणि श्रमावरचे कर काढून टाकावेत. हे मत लोकांना भाषणांतून पटत नाही, खेळून पटेल, असे मॅगीला वाटले. तिने ‘द लँडलॉर्ड्स गेम’ म्हणजे जमीनदाराचा खेळ तयार केला आणि १९०४ मध्ये त्याचे पेटंट मिळवले. आज जेथे ‘गो’ आहे तेथे तिच्या पटावर ‘धरणीमातेवर केलेले श्रम वेतन निर्माण करतात’ अशा अर्थाचे वाक्य होते. म्हणजे तो पगार निदान कशाचा तरी होता. एका कोपऱ्यात कोणा उमरावाची खासगी जमीन होती, ‘आत येऊ नये’ अशी पाटी होती, आणि जो तेथे पोहोचे त्याची रवानगी तुरुंगात होई. आजच्या पटावर ‘तुरुंगात जा’ म्हणणारा शिपाई उरला आहे. तो कोणाच्या जमिनीची राखण करत होता हे मात्र पुसले गेले आहे.

मॅगीने आपल्या खेळाला दोन प्रकारचे नियम दिले. एका प्रकारात जमीनमालक इतरांना धुऊन काढतो, हे आपल्याला ठाऊकच आहे. दुसऱ्यात जमिनीचे भाडे मालकाऐवजी सार्वजनिक खजिन्यात जाते आणि संपत्ती निर्माण झाली की तिचा लाभ सगळ्यांना पोहोचतो. तिच्या नंतरच्या एका आवृत्तीत तर सर्वांत कमी पैसे असलेल्या खेळाडूचे मूळ भांडवल दुप्पट झाले की डाव संपत असे. दोन्ही रीतींनी खेळून पाहा आणि स्वतःच ठरवा, असे तिचे आव्हान होते. लोकांनी ठरवले ते असे की पहिल्या रीतीत फार मजा येते.

पुढची तीस वर्षे हा खेळ हाताने रंगवलेल्या पटांवर पसरत गेला. डेलावेअरमधल्या आर्डेन या जॉर्जवादी वस्तीत तो खेळला जाई, विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांत तो फिरला, आणि अटलांटिक सिटीतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी त्यावर आपल्या शहरातल्या रस्त्यांची नावे चढवली. तेथून तो परिचितांमार्फत चार्ल्स डॅरो या बेकार झालेल्या विक्रेत्याच्या हाती आला. डॅरोने तो स्वतःचा शोध म्हणून विकायला काढला, १९३५ मध्ये पार्कर ब्रदर्स या कंपनीने तो घेतला, आणि डॅरो लक्षाधीश झाला. मंदीत होरपळलेला एक कल्पक माणूस घरच्या टेबलावर खेळ घडवतो आणि त्याचे नशीब फळफळते, ही कथा पुढे अनेक दशके सांगितली गेली. तिच्यातले खोटेपण एका चुकीच्या अक्षराने उघडे पडते. पटावरच्या एका जागेला अटलांटिक सिटीजवळच्या एका वस्तीचे नाव दिले आहे; त्या वस्तीचे खरे नाव ‘मार्वेन गार्डन्स’. डॅरोला ज्यांनी खेळ शिकवला त्यांच्या हातून पटावर ते ‘मार्विन’ असे पडले होते, आणि डॅरोने ते जसेच्या तसे उतरवले. आजही पटावर ‘मार्विन’च आहे. परीक्षेत नक्कल करणारा विद्यार्थी शेजाऱ्याच्या चुकीसकट उतरवतो आणि त्या चुकीनेच सापडतो, तसा हा प्रकार. १९९५ मध्ये कंपनीने या चुकीबद्दल त्या वस्तीतल्या रहिवाशांची क्षमा मागितली. मॅगीकडून पेटंट घेताना तिला मिळाले ५०० डॉलर, आणि विकल्या जाणाऱ्या प्रतींवर मानधन काही नाही.

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, असे म्हणून डॅरोला मोडीत काढणे सोपे आहे, आणि मी तसे एकदा म्हणूनही टाकले. भाऊजींनी त्यावर विचारले की ज्या क्वेकर मंडळींनी रस्त्यांची नावे घातली, ज्यांनी किमती ठरवल्या, ज्यांनी नियम घासूनपुसून गुळगुळीत केले, त्यांना काय मिळाले? काहीच नाही. खेळाचे मोल अनेक अनाम हातांनी वाढवले होते आणि ते वसूल झाले एकाच्या नावावर, जसे जमिनीचे होते असे जॉर्ज म्हणत होते. डॅरोचे श्रम शून्य नव्हते. त्याने पट देखणा केला, तो विकत फिरला, धोका घेतला. त्याने बांधलेले घर त्याचे होते. पण त्याने भाडे घेतले ते जागेचेही. ही सगळी हकिकत लोकांपुढे आली तीही एका भांडणामुळे: राल्फ अँस्पाक या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकांनी १९७० च्या दशकात ‘अँटी-मोनोपॉली’ नावाचा खेळ काढला, त्यावरून खटला उभा राहिला, आणि तो लढताना त्यांनी जुने पट आणि जुने खेळाडू शोधून काढले तेव्हा मॅगीचे नाव पुन्हा वर आले.

आता आमच्या तिसऱ्या डावाविषयी, कारण या परीक्षणाचा खरा विषय तेथे माझ्या हाती लागला. त्या डावात नारिंगी गट माझ्याकडे आला. सेंट जेम्स, टेनेसी आणि न्यूयॉर्क या तीन जागा मिळून छापील किंमत ५६०. प्रत्येकी तीन घरे बांधायला आणखी ९००. दोन घरांना २०० ते २२० असणारे भाडे तिसऱ्या घराला एकदम ५५० ते ६०० होते, म्हणजे तीनदा कोणी येऊन थांबले की सगळा खर्च निघून वर नफा. शिवाय या जागा तुरुंगापासून सहा, आठ आणि नऊ पावलांवर आहेत. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी चौदांमध्ये हे तीन आकडे येतात, तेव्हा दंड भरून सुटणारा मनुष्य माझ्या दारात येऊन पडण्याची शक्यता सदतीस-अडतीस टक्क्यांच्याही वर होती. तुरुंगातून सुटलेल्यांवर जगणारा धंदा, असे मी तेव्हा म्हटले नाही. मी त्याला ‘मोक्याची जागा’ म्हटले.

ताई दंड भरून सुटली, तिला आठ पडले, ती टेनेसीवर आली. तिच्यापाशी चारशेच्या आसपास होते. मी भाडे मागितले. भाच्याने फासे उचलले नव्हते, त्यामुळे मला पुरेसा वेळ होता, तरीही मी घाईने मागितले. तिने दोन जागा गहाण टाकल्या, म्हणजे निम्म्या किमतीत बँकेकडे उलट्या करून ठेवल्या, ज्या सोडवायला पुढे दहा टक्के जास्त मोजावे लागतात. मी तिला सुचवले की गहाण टाकण्यापेक्षा एक रेल्वे मलाच दे, तुझाच फायदा होईल. हे मी मनापासून बोललो, आणि आता लिहिताना मला त्याचेच अधिक वाईट वाटते. लुबाडणारा मनुष्य लुबाडताना स्वतःला उपकारकर्ता समजू शकतो, हे मला इतरांविषयी ठाऊक होते.

डाव संपल्यावर मी सर्वांना समजावून सांगितले की नारिंगी गटावर माझी पहिल्यापासून नजर होती, तिसऱ्या घरापर्यंत थांबणे हा हिशेबाचा भाग होता, आणि लोक बोर्डवॉकच्या मागे लागून फसतात. भाचा ऐकत होता. तो म्हणाला, “मामा, न्यूयॉर्क तर तुला लिलावात स्वस्तात मिळाली. बाबांना फोन आला म्हणून ते बाहेर गेले होते.” खरे होते. मला त्या फोनचा विसर पडला होता. तो मी लपवला नव्हता, खरोखर विसरलो होतो.

या विसरण्यावर प्रयोग झालेला आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञाने अनोळखी माणसांच्या शंभराहून अधिक जोड्यांना मुद्दाम झुकवलेली मोनोपॉली खेळायला लावली. कोण श्रीमंत हे छापा-काट्याने ठरे. श्रीमंताला सुरुवातीला दुप्पट पैसे, दर फेरीला दुप्पट पगार आणि दोन फासे. दुसऱ्याला एकच फासा. अर्थातच श्रीमंत जिंकत. थोड्याच वेळात ते सोंगटी जोरजोराने आपटू लागत, समोरच्याच्या हलाखीविषयी त्यांना काही वाटेनासे होई, आणि शेवटी विचारले असता ते आपण कोणत्या जागा कशा हुशारीने घेतल्या ते सांगत. ज्या नाण्याने त्यांना श्रीमंत केले त्याचा उल्लेख क्वचित येई. नाणे त्यांच्या डोळ्यांदेखत उडवले गेले होते. पिफ यांनी हे २०१३ मध्ये एका भाषणात सांगितले तेव्हा श्रोते हसले. मीही ते भाषण पूर्वी पाहताना हसलो होतो, आणि इतके पाहूनही नारिंगी गट हाती आल्यावर मला त्याचा काडीचा उपयोग झाला नाही.

म्हणून लोभ हा दुष्ट माणसांचा दुर्गुण आहे, अशा समजुतीवर हा खेळ चांगला उतारा आहे. येथे चांगली माणसे बसतात आणि नियम त्यांच्याकडून तेवढे करवून घेतात. एक उदाहरण पुरेसे होईल. संचात घरे ३२ च आहेत आणि हॉटेले १२. घरे संपली की कोणालाही बांधता येत नाही. ज्याच्याकडे तीन-तीन जागांचे दोन गट आहेत त्याने सगळीकडे चार-चार घरे बांधली आणि हॉटेलापर्यंत गेलाच नाही, तर २४ घरे त्याच्याकडे अडकून पडतात आणि बाकीच्यांसाठी आठ उरतात. हॉटेल बांधले तर त्याचे भाडे वाढेल, पण घरे पेढीत परत जातील. तेव्हा शहाणा खेळाडू स्वतःची वाढ थांबवून दुसऱ्याची अडवतो. हे पूर्णपणे नियमात बसते. साठेबाजी शिकवायला यापेक्षा सोपे साधन नाही, आणि आमच्या पाचव्या डावात ती कोणी न शिकवता अकरा वर्षांच्या मुलाला आपली आपण सुचली.

पत्त्यांविषयी थोडे. ‘कम्युनिटी चेस्ट’च्या, म्हणजे ठरावीक चौकोनांवर थांबल्यावर उचलायच्या, पारंपरिक पत्त्यांतला एक म्हणतो की बँकेची चूक तुमच्या पथ्यावर पडली आहे, २०० घ्या. दुसरा म्हणतो की तुम्हाला वारसाहक्काने १०० मिळाले. परत करण्याचा पर्याय पहिल्या पत्त्यावर नाही. मी भाच्याला विचारले की खरोखर असे झाले तर काय करशील. तो म्हणाला, परत देईन, पण येथे पत्ताच घ्या म्हणतोय. कर दोन आहेत, प्राप्तिकर आणि चैनीच्या वस्तूंवरचा, आणि दोन्ही फक्त त्या चौकोनावर पाऊल पडणाऱ्याला लागतात. भाड्याच्या उत्पन्नावर कर नाही. मॅगीला हे पाहून हसू आले असते की रडू, सांगता येत नाही.

खेळ म्हणून दोष सांगायचे तर सर्वांत मोठा दोष लांबीचा, आणि त्यातला बराचसा खेळणाऱ्यांनीच ओढवलेला असतो. ‘फ्री पार्किंग’ या चौकोनावर दंडाचे पैसे जमवून तेथे येणाऱ्याला देण्याची प्रथा छापील नियमांत नाही, तिने पैसा पुन्हा पुन्हा पटावर येतो आणि डाव संपता संपत नाही. आयत्या पैशाच्या खेळात लोकांनी हौसेने आणखी एक घबाड घुसवावे, हे त्यांना शोभतेच. जागा नाकारली गेली की तिचा लिलाव व्हावा हा नियम बहुतेक जण पाळत नाहीत. तो पाळला तर डाव दीड-दोन तासांत आटोपतो. पण शेवटचा तास तरीही कंटाळवाणाच जातो. हरणारा लवकर मरत नाही, तो हळूहळू झिजतो, आणि जिंकणाऱ्याला काही ठरवायचे उरत नाही. मी पूर्वी याला रचनेतली चूक समजत असे. आता मला वाटते की मक्तेदारी पुरती झाल्यावर कंटाळाच उरतो हे दाखवणे मॅगीला पटलेच असते, आणि विकत घेणाऱ्याला मात्र ते चालत नाही. दोघांचेही म्हणणे मला मान्य आहे. ज्यांना संध्याकाळ आनंदात घालवायची आहे त्यांनी दुसरा खेळ घ्यावा. ज्यांच्या घरात दहा-बारा वर्षांचे मूल आहे आणि पैशाविषयी त्याच्याशी उपदेश न करता बोलायचे आहे, त्यांनी हाच घ्यावा, मात्र मोठ्यांनी मुद्दाम हरू नये.

आठवा डाव आम्ही मॅगीच्या दुसऱ्या रीतीचे ढोबळ रूप करून खेळलो. रिकाम्या जागेचे जेवढे भाडे असेल तेवढे मधल्या डब्यात, घरांमुळे वाढलेले भाडे मालकाला, आणि दर फेरीअखेर डबा सगळ्यांत सारखा वाटायचा. सर्वांत मागे असलेल्याचे ३००० झाले की डाव संपला. मॅगीची मूळ व्यवस्था यापेक्षा तपशीलवार होती, पण तत्त्व हेच. अनुभव मिश्र होता. घरे बांधण्याची घाई वाढली, कारण नुसती जागा धरून बसण्यात काही मिळत नव्हते, आणि कोणीही रुसले नाही. भाच्याला मात्र अर्ध्या तासातच कंटाळा आला. “ह्यात कोणी हरतच नाही,” त्याची तक्रार होती. ताईने त्याला हरायचे असेल तर हर म्हणून सांगितले; त्याला स्वतः हरायचे नव्हते. हा दोष मी मॅगीच्या बाजूने असूनही नोंदवतो: दुसऱ्याचे दिवाळे निघताना पाहण्यात जी गोडी आहे तिला पर्याय ठरेल असे तिच्या दुसऱ्या रीतीत काही नाही, आणि दुकानात कोणती रीत विकली गेली याचे कारण कंपनीच्या डावपेचांत जितके आहे तितकेच या गोडीत आहे.

नवव्या डावाला आम्ही पुन्हा छापील नियमांवर आलो. खेळाडूंनी एकमेकांना उसने देऊ नये असा नियम आहे, तेव्हा कोणाला सावरून धरायचे तर उघडपणे काहीच करता येत नाही. या वेळी नारिंगी गट भाच्याकडे होता आणि त्यावर तीन-तीन घरे होती. ताईच्या हातात शंभराच्या दोन नोटा उरल्या होत्या आणि सगळ्या जागा आधीच गहाण पडलेल्या होत्या. तिला नऊ पडले आणि ती न्यूयॉर्कवर जाऊन थांबली. पुढची पाळी माझी होती. भाचा खिडकीबाहेर पाहत राहिला. भाऊजींनी त्याला विचारले, “अरे, झोपलास का?” तो काही बोलला नाही. मी थोडा वेळ थांबलो, मग फासे टाकले. बँकेचे काम माझ्याकडे असल्यामुळे मी नंतर नियमपुस्तिका उघडून खात्री करून घेतली: न मागितलेले भाडे बुडते, एवढेच तिच्यात लिहिले आहे, कारण द्यावे लागत नाही.